थ्री-फेज घरातील विजेचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपणा सर्वांस परिचित आहे. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि पुढे या दुष्काळी गावाचा कायापालट झाला. तेथे पडलेला पाऊस मोजतात, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. पाणी मोजता येते, तर घरातील वीज का मोजू नये, असा विचार ते पाहूनच आमच्या मनात आला. कारणही तसेच होते.

आम्ही तीन भाऊ त्याच तालुक्यात एका वाड्यात राहतो. मीटर एकच, थ्री-फेजचे. एकेकाच्या खोल्या एकेका फेजवर, आणि पाण्याची मोटर तिन्ही फेजवर. बिल समान वाटायचे. थोरल्याकडे गिझर, मधल्याकडे फ्रिज व शिलाईची मोटर, धाकट्याकडे पंखे आणि टीव्ही. धाकट्या सूनबाईंची कुरकुर रास्तच होती. शिवाय आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटच्या पुढचे युनिट महाग, तीनशेच्या पुढचे त्याहून महाग. तेव्हा कोणाकडे किती जळते हे कळणे जरुरीचे झाले.

बाजारात यासाठी सेन्सर मिळतात. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा हा एक लहान ट्रान्सफॉर्मरच असतो. तारेतून शंभर अँपिअर गेले तर त्याच्या बाजूला एक अंशमात्र प्रवाह निर्माण होतो व यंत्र तो मोजते. चिमटा एकाच तारेभोवती बसवावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात घेतल्यास जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांस खोडतो आणि आकडा शून्य दिसतो. थ्री-फेजला असे तीन चिमटे लागतात.

येथेच आमची फसगत झाली. नुसता प्रवाह मोजून भागत नाही. त्याच फेजच्या दाबाशी त्याचा गुणाकार व्हावा लागतो. तीन फेजच्या लाटा एकामागून एक, १२० अंशांच्या अंतराने येतात. आमच्या जुन्या वाड्यातील तारांचे रंग उडालेले. वायरमनकडून थोरल्याचा आणि मधल्याचा चिमटा अदलाबदल झाला. पहिल्या आठवड्यात दोघांचे आकडे उणे दिसू लागले आणि सारा भार धाकट्याच्या नावावर! "आम्ही काय घरात गिरणी चालवतो, दादा?" असे तो म्हणाला, आणि दोन दिवस घरात बोलणे बंद होते.

उलगडा इस्त्रीने झाला. हजार वॅटची इस्त्री थोरल्याच्या खोलीत लावली, तर पडद्यावर उणे पाचशे, आणि तेही मधल्याच्या नावावर. १२० अंशांचा फरक पडला की साध्या तापणाऱ्या उपकरणाचा आकडा निम्मा होऊन उलटा दिसतो, हे गणित शाळेत शिकलो होतो. उपयोग तेव्हा प्रथम झाला. चिमटा नुसता उलटा बसला असता तर उणे हजार दिसले असते. चिमट्यावरील बाण मीटरकडून घराकडे असावा लागतो. तेव्हा ज्यांना बसवावयाचे असेल त्यांनी एकेका फेजवर इस्त्री लावून अगोदर आकडा पडताळावा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच, मुख्य स्विच बंद करून करून घ्यावे. मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये. विद्युत कायदा २००३ अन्वये तो गुन्हा ठरतो. चिमटे मुख्य स्विचच्या पुढे, घराच्या बाजूस बसवावेत.

आणखी एक लाभ आमच्या अगोदर ध्यानात आला नव्हता. न्यूट्रल तुटला की कमी भाराच्या फेजवरील दाब २३० व्होल्टच्या बराच वर चढतो आणि टीव्ही-फ्रिज जळतात. तिन्ही फेजचा दाब मोजणाऱ्या यंत्रात ही चढ-उतार लगेच दिसते, आणि मेन स्विच खाली पाडावयास वेळ मिळतो. एका पावसाळी रात्री आम्ही तसे केलेही.

आता दर रविवारी मीटरचे युनिट व सेन्सरचे युनिट वहीत लिहितो. शेकडा एक-दोनचा फरक राहतो, तो आम्ही धरीत नाही. मोटर तिन्ही फेजवरून सारखी ओढते, म्हणून तिची वाटणी आपोआपच होते. गेल्या महिन्यात थोरल्याने स्वतःहून गिझरची वेळ निम्मी केली.