गल्लाही सांभाळायचा, जत्राही करायची

आदिलाबादकडच्या छोट्या दुकानदारांचा ऐन धंद्याचा मोसम म्हणजे पौष अमावास्येची नागोबा जत्रा. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला मेस्राम कुळातले गोंड नागोबाची महापूजा करतात. त्यासाठी ते गोदावरीचं पाणी पायी आणतात. महाराष्ट्रातूनही भाविक येतात.

सण आणि धंदा इथे एकमेकांत मिसळलेले आहेत. पूजेची मातीची भांडी घडवतात सिरिकोंड्याचे कुंभार. त्यांच्यासाठी ही ऑर्डरही आणि सेवाही!

जत्रेत बांगड्या, खेळणी, शेव-जिलेबीची दुकानं लागतात. कढई चुलीवर असताना मालकाला हलता येत नाही.

पण महापूजा रात्री असते आणि तीही चुकवायची नसते. म्हणून घरच्यांनी पाळ्या आधीच ठरवाव्यात: एकाने गल्ल्यावर बसावं, बाकीच्यांनी दर्शन घ्यावं, मग अदलाबदल. सुटे पैसे आणि माल आदल्या दिवशीच भरून ठेवला, तर ऐन पूजेच्या वेळी धावपळ होत नाही.

महापूजेनंतर येतो दरबार. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. लोक अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडतात. छोट्या व्यावसायिकांनीही तो जरूर पाहावा.