उंचावरची सुरक्षा – भाग ६ : कॅराबिनर घेताना आकड्याआधी कुलूप पाहा

उन्हाळा सरत आला की वाशीम जिल्ह्यात झाडांवर माणसे दिसू लागतात. पावसाआधी वीजतारांना लागणाऱ्या डगाली छाटायच्या असतात, कवेलूंवर झुकलेला कडुनिंब हलका करायचा असतो, धुऱ्यावरची बाभूळ उतरवायची असते. कमरेच्या चऱ्हाटाऐवजी हार्नेस घ्यायचे ज्याने ठरवले, त्याला हार्नेस आणि दोर जोडायला कॅराबिनर लागतोच. तो निवडताना नजर जाते कोरलेल्या मोठ्या आकड्यावर. जितके जास्त किलोन्यूटन तितका भरवशाचा, असा हिशेब होतो. हा हिशेब अपुरा आहे. भरवसा ठरतो तो फाटक, म्हणजे कॅराबिनरचा उघडणारा भाग, बंद राहण्यावर, म्हणजेच कुलपावर.

पुरावा कॅराबिनरच्या अंगावरच असतो. तिथे एक नव्हे, तीन आकडे असतात: लांबीच्या दिशेने ओढ बसली तर, आडवी बसली तर आणि फाटक उघडे असेल तर. चढाईच्या साध्या कॅराबिनरसाठी युरोपीय मानक ईएन १२२७५ अनुक्रमे किमान २०, ७ आणि ७ किलोन्यूटन मागते. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोचा भार. म्हणजे फाटक उघडले की ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. ऐंशी किलोचा माणूस नुसता लटकला तर ७ किलोन्यूटनही भरपूर. पण पडताना बसणारा झटका वेगळा. चढाईच्या ताणल्या जाणाऱ्या एकेरी दोराच्या चाचणीतही १२ किलोन्यूटनपर्यंतचा झटका मान्य असतो. झाडकामाचे दोर त्याहून कमी ताणतात, त्यामुळे ढिल्या दोरावरचे थोडेसे पडणेही कठोर ठरते. शिसवी दाराची कडीच उघडी राहिली तर फळीच्या जाडीचा काय उपयोग?

आता फाटक उघडते कसे ते पाहू. स्क्रूचे कुलूप असलेल्या कॅराबिनरवर दोर घासत राहिला की तो फाटकावरच्या फिरत्या बाहीला हळूहळू उलट फिरवू शकतो. मग एखादी फांदी फाटकावर दाबली गेली की तोंड उघडते. लिंगाण्यासारख्या सुळक्यावर हा धोका आटोक्यात राहतो. तिथे मुख्य कॅराबिनर एकदा लावून आवळला की बराच वेळ तसाच राहतो आणि डोळ्यांसमोर असतो. झाडावर मात्र कमरेचा दोर दर फांदीला सोडून पुन्हा लावावा लागतो, हातात करवत असते आणि कॅराबिनर कुशीला, पानांत दडलेला. प्रत्येक वेळी स्क्रू आवळायचा, आणि चुकायला एकच वेळ पुरते. म्हणूनच कामाच्या जोडण्यांचे मानक ईएन ३६२ सांगते की, दिवसभरात वारंवार काढ-घाल करायची असेल तर हाताने आवळायचे कुलूप वापरू नये. अमेरिकेतील झाडकामाचे मानक झेड १३३ आपोआप मिटणारे आणि आपोआप दुहेरी कुलूपबंद होणारे फाटकच मागते. झाडासाठी निवड त्यामुळे स्पष्ट आहे: बाही सरकवा, फिरवा, मग फाटक दाबा, अशा तीन कृतींशिवाय न उघडणारा कॅराबिनर. नुसते फिरवून उघडणारा तिथे पुरेसा नाही. घासणारा दोर तेवढे फिरवणे स्वतःच करू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की, आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक दोराशिवाय झाडावर चढत आले. त्यांचे कसब खरेच. पण न पडलेल्यांचीच आठवण सांगितली जाते, म्हणून तो पुरावा ठरत नाही. दुसरा आक्षेप किमतीचा. तो खरा आहे, कारण रोजंदारीच्या माणसाला असा कॅराबिनर महागच पडतो. म्हणूनच तो काम देणाऱ्याने पुरवावा. छाटणीच्या ठेक्यात हार्नेससोबत त्याचीही रक्कम धरावी. हार्डवेअरच्या दुकानातला किल्ल्या अडकवायचा हुक कितीही तसाच दिसला, तरी तो पर्याय नव्हे. तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे: काळ्या मातीची धूळ आणि बाभळीचा डिंक बाहीत शिरला की आपोआप लागणारे कुलूप अर्ध्यावरच अडकते. हे घडते. पण उपाय सोपा आहे: कोमट पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे, बिजागरीला थोडे वंगण द्यावे. शिवाय स्क्रूतही धूळ शिरतेच.

म्हणून घेताना आधी मानकाचा क्रमांक आणि तिन्ही आकडे वाचा. मग फाटक उघडून हळूच सोडा: ते नाकापर्यंत, म्हणजे समोरच्या टोकापर्यंत, मिटून बाही स्वतःहून जागेवर आली पाहिजे. हीच तपासणी रोज चढण्याआधी करा आणि प्रत्येक जोडणीनंतर फाटक दाबून पाहा. बाही अडखळली तर धुवा. तरीही अडखळली, तडा दिसला किंवा दोराने खोल खाच पाडली असेल, तर तो कॅराबिनर कायमचा बाद करा.

(पुढील आठवड्यात : दोरावर पकड घेणाऱ्या गाठी)