मार्कंड्यात मोहाची पुरी चालेल, पेला नाही

स्थानिक धान्य, रानभाज्या आणि सोबत वाइनचा पेला, अशी उपाहारगृहे पुण्या-मुंबईत आता नवलाईची राहिलेली नाहीत. हीच कल्पना गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे, वैनगंगेच्या काठी मार्कंडेश्वर मंदिराच्या परिसरात आणायची म्हटली, तर तिचे दोन तुकडे होतात. ताट शक्य आहे, पेला नाही.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा पुढाकार आणि गावोगावच्या महिलांचा रेटा यांतून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचे ते फळ. या बंदीतून वाइनही सुटत नाही. २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे वगळण्यात आले होते. नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी मे २०२१ मध्ये उठवण्यात आली. नदी एक, काठ दोन आणि कायदेही दोन.

पण परवाना मिळाला तरी वाइन इथली ठरत नाही. तिची द्राक्षे नाशिककडची. या जंगलाचे पेय म्हटले, तर ते मोहाचेच. आणि मोहाकडे कायद्याने आजवर संशयानेच पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली फुलांची साठवण आणि वाहतूक नियमांत अडकली. हे निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये सैल केले. फुले वेचणे, साठवणे, त्यांचे पदार्थ करणे यात आता अडचण नाही. गडचिरोलीत त्यांची दारू गाळणे मात्र गुन्हाच. गोव्याने काजूच्या फेणीला २०१६ मध्ये वारशाचा दर्जा दिला. त्या वाटेने जायचे, तर आधी बंदीच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल. घरात दारू आली की मार कोण खाते, हा तो प्रश्न. पर्यटनाच्या हिशेबात तो सहसा येत नाही.

ताटाची गोष्ट अधिक आशादायक आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचायची, वाळवायची आणि वर्षभर पुऱ्या, लाडू, सरबतासाठी वापरायची. अडचण पैशाची असते. हाती रोकड नसलेले कुटुंब हंगामातच मिळेल त्या भावाने फुले विकून टाकते. वाळवून, साठवून, पावसाळ्यानंतर ठरलेल्या दराने घेणारा ग्राहक मिळाला, तर उपाहारगृहाचा ‘स्थानिक’ हा शब्द खरा ठरेल. विकायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्नही बराचसा सुटला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे जिल्ह्यातील शेकडो गावांना. मोहफुले, चारोळी, मध यांची विक्री तेथे ग्रामसभा करू शकते. खरेदीचा करार व्हायचा तो ग्रामसभेशी.

जोडीला पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, मालगुजारी तलावांतली मासळी, जवसाची चटणी. भातासाठी तर दूर जायलाच नको. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून विकसित केलेला एचएमटी तांदूळ याच पट्ट्यातला. २०१८ मध्ये ते गेले. तांदूळ देशभर पोहोचला, पण त्यातली कमाई त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. ताटाशेजारच्या पाटीवर त्यांचे नाव असायला हरकत नाही.

मोहाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत आहे. तीच आग पुढे जंगलात शिरते. त्यामुळे झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करणाऱ्यांना चार पैसे जास्त देणे हा व्यवसायाचा खर्चच मानावा लागेल.

जागेचा पेच वेगळाच. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तेव्हा चूल मंदिरापासून दूर, गावाच्या अंगाला मांडावी लागेल. शिवाय येथे सर्वाधिक गर्दी महाशिवरात्रीच्या यात्रेला होते, आणि त्या दिवशी बहुतेक गर्दीला उपवास असतो.