नाकानं ओळखायचं दुकान

किराणा दुकानात सगळ्यात लहान डबी हिंगाची असते आणि सगळ्यात दांडगा वासही तिचाच. झाकण घट्ट लावलं तरी तो शेजारच्या साबणाच्या वड्यांपर्यंत पोचतो. खरं तर या डबीत निव्वळ हिंग नसतोच. मुळातला चीक इतका उग्र असतो की मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक यांच्यात मळून तो सौम्य करावा लागतो, तेव्हा कुठे तो फोडणीला चालतो. फेरुला नावाच्या झाडाच्या मुळाशी चिरा देऊन हा चीक काढतात. पिढ्यान्‌पिढ्या तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येत राहिला. भारतात त्याची लागवड करून पाहायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात. आमटीत पडणारी चिमूट अशी लांबची मजल मारून कोपऱ्यावरच्या दुकानात आलेली असते.

हिंगाच्या आडून बाकीचे वास हळूहळू कळू लागतात. तागाच्या गोण्यांचा तेलकट वास, ढेपेवरून सुटलेल्या गुळाचा गोडसर वास, उदबत्तीचे पुडे, भाजकं डाळं, कपड्यांचा साबण आणि शेजारी पिठाची गिरणी असली तर गरम पिठाचा वास. मुंबईतल्या चाळीखालचं दुकान असो, पुण्याच्या पेठेतलं असो की तालुक्याच्या गावातलं, हा मेळ थोड्याफार फरकानं तोच. गल्ल्यावर देवाची तसबीर, तोंड दुमडून ठेवलेल्या गोण्या, वर फळीवर बरण्या आणि छतापासून लोंबणाऱ्या शांपूच्या पुड्यांच्या माळा. गिऱ्हाईक बाहेर पायरीवर आणि दुकानदार आत. मॉलमध्ये माल स्वतः उचलून घेता येतो. इथे तो मागावा लागतो, आणि मागायचा म्हणजे बोलावंच लागतं.

तांदळापाशी हे बोलणं सगळ्यात लांबतं. “साध्या भाताला हवाय की मऊ भाताला? नवा चालेल की जुनाच देऊ?” असं दुकानदार विचारतो, कारण नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा शिजतो आणि फुगतोही जास्त. गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेतं, फुंकर मारतं, दोन दाणे दाताखाली चावून बघतं. आंबेमोहोर असेल तर मूठ नाकाशी नेली जाते. मुळशी, मावळ, भोर भागातला हा तांदूळ. आंब्याच्या मोहोराची आठवण देणाऱ्या त्याच्या वासामागे जे रसायन आहे तेच बासमतीतही असतं. पण आंबेमोहोरचं पीक उंच वाढून आडवं पडतं आणि उतारा कमी देतं, म्हणून शेतकऱ्यांनी तो कमी केला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली त्याच्याच वंशातला इंद्रायणी आला आणि पुण्या-मुंबईच्या रोजच्या ताटात तोच रुळला. आज आंबेमोहोर या नावाखाली दिसायला-वासाला जवळचे परप्रांतीय तांदूळही विकले जातात. अशा वेळी जाणता दुकानदार गोणीकडे बोट दाखवून माल कुठला ते सांगतो. पाकिटावर तेवढं लिहिलेलं असेलच असं नाही.

हळदीचंही तसंच. सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णाकाठच्या जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळकुंडं वर्षानुवर्षं साठवत. तिथल्या मातीत हळद टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं आणि आता हळद बहुतेक गोदामांत आणि शीतगृहांत जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूरच्या गुळाला ते त्याआधी, २०१४ मध्येच मिळालं होतं. गुळाच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाचा डोळा फसतो. पिवळाधमक गूळ चांगला अशी समजूत पक्की आहे, पण तो रंग बऱ्याचदा रस उकळताना घातलेल्या रंगकाट पावडरीचा असतो. पावडर न घालता केलेला गूळ तपकिरी, थोडा काळपट दिसतो. ढेप फोडताना तो कसा तुटतो, हाताला कसा लागतो, यावरून दुकानदाराला त्याची जात कळते. संक्रांतीला लाडू-वडीसाठी चिकीचा गूळ मागायला आलेल्या नवख्या बाईला साधा गूळ न देणं ही त्याच्या नेकीची परीक्षा असते.

संक्रांत हे एक उदाहरण झालं. या दुकानाला भिंतीवरच्या कॅलेंडरची गरजच नसते. आषाढी आणि श्रावण आला की तमिळनाडूतल्या सेलमहून येणारा साबुदाणा आणि वरई पुढे सरकतात, गणपतीत मोदकाची पिठी, दिवाळीआधी पातळ पोहे, डाळं, रवा आणि भाजणीचं धान्य. होळी सरली की सगळ्यात पुढे येऊन बसतात मिरच्या.

मिरचीचा हंगाम बघायचा तर मुंबईत लालबागला. मार्च ते मे या दिवसांत इथल्या मसाला गल्लीत शिरणारा माणूस आधी शिंकतो. रस्त्याच्या कडेला लाल ढीग लागलेले असतात. कर्नाटकातली ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला बेताची. संकेश्वरी तिच्याहून झणझणीत. गुंटूर आणि लवंगी जाळ काढणाऱ्या. एकट्या ब्याडगीचा मसाला दिसतो छान पण जिभेला कमी पडतो, एकट्या लवंगीचा खाववत नाही. त्यामुळे प्रत्येक घराचं आपलं प्रमाण ठरलेलं असतं. सासूकडून सुनेकडे आलेला, डाग पडलेला कागद पर्समधून निघतो आणि दुकानदार त्यावरून भराभर तोलू लागतो. कागद नसला तरी अडत नाही. “मालवणी की घाटी? आगरी करताय का?” एवढं विचारून तो स्वतःच्या हिशेबानं धणे, शहाजिरं, दालचिनी, नागकेशर, जायपत्री, बदामफूल काढून देतो. चार जिल्ह्यांच्या स्वयंपाकाचं हे ज्ञान त्याला गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांचं ऐकता ऐकता मिळालेलं असतं. मराठी खाद्यसंस्कृतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात या माणसाचा उल्लेख क्वचित सापडतो. तो व्हायला हवा.

या ढिगांत एक जिन्नस विशेष बघण्यासारखा. दगडफूल. सुकलेल्या, करड्या पापुद्र्यांचा हा पसारा फूल नसून दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी शैवाक आहे. हातात घेऊन हुंगली तर जवळजवळ काहीच कळत नाही. तेलावर परतली की मात्र तिच्यातून मातकट, धुरकट असा खोल वास सुटतो, आणि गोडा मसाला गोड्या मसाल्यासारखा लागतो तो बराचसा याच वासामुळे. तिरफळाची तऱ्हा उलटी. ते नुसतं चोळलं तरी संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, चावलं तर जीभ बधिर होते. कोकणातल्या बायका ते बांगड्याच्या तिखल्यासाठी मागतात, बी काढून टाकलेलं आहे ना ते बघून घेतात.

तोललेला मसाला घरी भाजून किंवा तिथल्याच भट्टीवर भाजून घेऊन बायका डंकिणीवर जातात. लोखंडी मुसळांची रांग, खाली उखळं, वरून पट्ट्यानं चालणारं यंत्र आणि त्याचा धाडधाड आवाज. चालवणाऱ्यांच्या नाकातोंडाला फडकी गुंडाळलेली, भुवयांवर लाल भुकटी. कुटायची पाळी आली तरी बाई जागची हलत नाही. आपल्या मसाल्यात आधीच्या कोणाचा मसाला मिसळू नये म्हणून ती उखळावर नजर ठेवून बसते. कुटलेल्या मसाल्याचा वास दळलेल्यापेक्षा जास्त टिकतो असं सगळ्याच सांगतात, आणि त्याला कारणही आहे. दळताना उष्णता वाढली की मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जातात.

ही गल्ली लालबागलाच का वसली, याचं उत्तर आसपासच्या बंद गिरण्यांत आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले कापड कामगार इथे एका खोलीत दहा-दहा जण राहत आणि खानावळीत जेवत. त्यांच्यासोबत त्यांच्या गावचा मसालाही आला. पगार महिन्याचा, भूक रोजची, त्यामुळे वाण्याचं खातं अटळ होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा पगार थांबला आणि खात्यावरचा आकडा फुगत गेला. गिरणगावातल्या कुटुंबांच्या आठवणींत संपाबरोबर वाण्याची उधारी हटकून येते. कोणी निभावून नेलं, कोणी हात आखडला.

उधारीच्या वहीबद्दल हळवेपणानं बोलायची हल्ली रीत आहे. त्या वहीनं अडचणीत चूल पेटती ठेवली हे खरंच, पण तिची दुसरी बाजूही विसरू नये. खानावळ चालवणाऱ्या बायका उधारीवर धान्य उचलत तेव्हा भाव वाण्याचा असे, दर्जाही तोच ठरवी, आणि बाई कर्जातून कधी बाहेर पडत नसे. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रोख पैसे हातात आल्यावर याच बायका दुकान निवडू लागल्या, घासाघीस करू लागल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं वेगळा रस्ता धरला. शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करायचा आणि वाटून घ्यायचा. त्याहीआधी, १९४८ मध्ये, नायगावच्या कामगारवस्तीत सहकारी तत्त्वावर अपना बाजारची सुरुवात झाली होती. वाण्याला शिस्त लावायचं काम अशा संघटित गिऱ्हाइकांनी केलं, आणि त्याचा फायदा संघटनेत नसलेल्यांनाही झाला.

काही गोष्टी कायद्यानं बदलल्या. पूर्वी निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली असा सारा कारभार मापांचा होता. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पासून सक्तीचे झाले, तरी आठवडी बाजारात ज्वारी-बाजरीची पायली अजून भरली जाते. सुटं तेल मात्र खरोखर मागे हटलं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्यानं माणसं मेली, शेकडो आजारी पडली, आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद पॅकमध्येच विकण्याचा आदेश निघाला. पत्र्याच्या डब्यातून पळीनं तेल काढून बाटलीत ओतण्याचं दृश्य त्यानंतर कमी होत गेलं. वर्तमानपत्राची पुडीही आता नियमात बसत नाही, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून, बोट न कापता तोडून पुडी बांधण्याची ती सफाई बघणाऱ्याला आवडायची. तरीही हे दोन्ही बदल योग्यच झाले.

पाकिटाकडे बोट दाखवताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मराठी घरांत पोचलेली काही मोठी नावं अशाच दुकानांच्या आणि स्वयंपाकघरांच्या आतून निघाली. बेडेकरांची सुरुवात १९१० मध्ये गिरगावातल्या किराणा दुकानानं झाली, लोणची-मसाले मागाहून आले. पुण्यात हुकमीचंद आणि कमलबाई चोरडियांनी १९६२ मध्ये घरगुती मसाला विकायला सुरुवात केली, त्यातून प्रवीण मसालेवाले उभे राहिले. अमेरिकेतही हेच घडलं. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं दुकान सुरू झालं आणि पुढे त्याच्या शाखा पसरल्या. तिकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची तूरडाळ आणि पोहे अशाच दुकानांतून येऊ लागले.

आता स्पर्धा दोन्ही अंगांनी आहे. डी-मार्टनं २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. फोनवरून दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या कंपन्या त्यानंतर आल्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मात्र लोक कोपऱ्यावरच्या दुकानासमोर खडूनं आखलेल्या वर्तुळांत उभे होते, आणि ओळखीच्या घरांना दुकानदार फोनवर यादी घेत होता. गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा फलक लागला आणि सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची सवय बरीच मोडली.

सुट्या मालाला अजूनही एक भक्कम आधार आहे, तो म्हणजे थोडकं घेणारं गिऱ्हाईक. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला. गोणीतून काढून तोलून दिलेल्या त्याच डाळीवर तो नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात महिन्याची यादी होत नाही, दिवसाची होते. पावशेर डाळ, वीस रुपयांचा गूळ, दहाची मिरची पूड. सकाळी वडापावची गाडी लावणारी बाई उजाडताच येते, दीड किलो बेसन, हिरव्या मिरच्या आणि तेलाची पिशवी उचलते आणि “संध्याकाळी देते हां, शेठ” म्हणून निघते. बेसन जाडं आहे की बारीक हे तिनं चिमटीत घेऊन पाहिलेलं असतं. जाडं असलं तर ती परत ठेवायला सांगते, आणि दुकानदार दुसरी गोणी उघडतो.