आधी क्लच, मग गिअरबॉक्स

जुन्या बुलेटचा गिअर खाडकन पडू लागला किंवा दांडा अडू लागला, की गिअरबॉक्स खोलायचा सल्ला लगेच मिळतो. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाला मागून जोडलेला, गिअर उजव्या पायाला, एक वर अन् तीन खाली. त्यामुळे संशय त्या अ‍ॅल्बियन रचनेच्या गिअरबॉक्सवर, म्हणजे पेटीवरच जातो. पण आधी क्लच तपासावा, असं माझं मत आहे. त्याला पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून, गाडी किंचित पुढेमागे ढकलत चारही गिअर टाकून पाहा. असे ते अलगद पडले, पण इंजिन चालू झाल्यावर पहिला आदळत असेल आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या सापडत नसेल, तर दोष बहुतेक पेटीचा नाही. लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, इंजिन आतला शाफ्ट फिरवत राहतं आणि फिरत्या दातांत थांबलेले दात घुसवावे लागतात. केबल फार सैल असेल, जाड तेलाने प्लेटा चिकटल्या असतील (रात्रभर उभ्या गाडीत हे हमखास), नाहीतर स्प्रिंगांचे स्क्रू कमीजास्त आवळले असतील. हे शेवटचं तर डोळ्यांनी दिसतं. डावीकडचं चेनकेसचं झाकण मधल्या एका नटावर असतं. खाली तेलासाठी भांडं ठेवून ते काढा, क्लच दाबून धरा आणि किक हाताने सावकाश खाली न्या. प्रेशर प्लेट डुलत फिरली तर ती तिरकी उचलली जातेय. जी बाजू कमी उचलते, तिथला स्क्रू थोडा ढिला करायचा.

इतक्या वर्षांच्या पेटीत झीज नसेल कशी, असं कुणी म्हणेल. असतेच. पण झिजलेल्या दातांची तक्रार निराळी: गिअर पडतो आणि मग सुटतो, तोही चढावर जोर देताना, बहुधा ठराविकच. मधेच खोटं न्यूट्रल लागत असेल तरी घाई नको. गिअर बदलण्याच्या यंत्रणेतली स्टॉप प्लेट थोडी सरकवून ते बरेचदा जातं. आयडलिंग फार वाढवलेलं असलं तरी पहिला गिअर आदळतो, हे मात्र मेकॅनिकही विसरतात. हे सगळं करूनही, इंजिन बंद असताना एखादा गिअर अडतच असेल, तर मग पेटी खोलायला सांगा.