स्वयंपाकघरातील केराचे खत

उकिरडा हा शब्द नुसता उच्चारला, तरी सुशिक्षित माणसाचा हात नाकाकडे जातो. घरचा केर घरीच कुजवून बागेस घालावा, हे तत्त्वतः सर्वांस मान्य असते. परंतु हौसेने मांडलेल्या पिंपास आठवड्याभरात दुर्गंधी सुटते, चिलटे घोंघावू लागतात, शेजारी कुरकुरतात आणि तो उद्योग तेथेच आटोपतो. दोष केराचा नसतो. ओला केर एकटाच कोंडला जातो, एवढेच काय ते चुकते.

या विद्येस शास्त्रीय शिस्त लावण्याचे मोठे कार्य इंदुरास झाले. १९२४ ते १९३१ या काळात तेथील कृषिसंशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धती सिद्ध केली. ती पुढे इंदूरच्याच नावाने जगभर गेली. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या सहजासहजी कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातील रस्त्यावर पसरून ठेवीत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली त्यांचा फुकटात चुरा होई! ढीग तीन वेळा उलथापालथ केला की, सुमारे तीन महिन्यांत खत हाती येई.

शहरातल्या घरी ना गाडी ना बैल; तत्त्व मात्र तेच. केर कुजविणाऱ्या जीवाणूंस हवा लागते, ओल लागते आणि सुमारे तीस भाग कर्बास एक भाग नत्र असा आहार मानवतो. भाजीची देठे, साली व चहाचा चोथा यांत त्या मानाने नत्र अधिक. वाळल्या पानांत कर्ब अधिक. ही दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढणारी द्रव्ये. परंतु नगरवासी गृहस्थ ओला केर गाडीत टाकतो आणि अंगणातील पाला गोळा करून पेटवून देतो.

पिंपाच्या बुडास व बाजूंस भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या अंथराव्यात, त्यांवर पाला. मग रोजचा केर बारीक चिरून टाकावा आणि तो दिसेनासा होईल इतका, म्हणजे सुमारे दुप्पट, सुका पाला वर पसरावा. आरंभी मूठभर जुने शेणखत घातले की विरजणाचे काम होते. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करावे. मासळी, मांस व तेलकट उष्टे टाळावे. त्यांच्या वासाने घुशी येतात.

पुढचे निदान नाकानेच करावयाचे असते. सडक्या अंड्यासारखी घाण आली, तर आत हवा पोहोचत नाही व पाणी अधिक झाले आहे, असे समजावे. मुतारीसारखा उग्र दर्प आला, तर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून चालले आहे. म्हणजे बागेचेच धन वाया जात आहे. दोन्ही व्याधींवर सुका पाला व उलथापालथ हाच उपाय. उलट, काहीच घडत नसेल, तर बहुधा ओल कमी असते. मुठीत दाबले असता हातास ओल लागावी, पण धार गळू नये.

तयार खत काळसर व भुसभुशीत होते आणि त्यास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. त्याआधी उतावीळपणे ते कुंडीत घातले, तर जीवाणू आपले उरलेले काम मातीतील नत्र घेऊन पुरे करतात व रोप पिवळे पडते. तयार खताच्या एका भागास दोन-तीन भाग माती पुरते. मोठा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो व त्यात बहुतेक बिया मरतात. घरगुती पिंप मात्र तितके तापत नाही. म्हणूनच गुलाबाच्या कुंडीत एके सकाळी न लावलेली टोमॅटोची रोपे डोकावू लागतात. ती उपटावी की राखावी, हा प्रश्न मग घरातील मंडळींनी आपसांत सोडवावा.