म्हातारपणी साधं घसरलं तरी खुबा का मोडतो?

विश्रांतवाडी : आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात येते ती विश्रांतवाडीवरूनच. साठी-सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन या रस्त्याने झपाझप चालतात. त्याच वयाची दुसरी एखादी बाई गावाकडून लेकाच्या फ्लॅटवर येते अन् ओल्या टाईल्सवर घसरून खुबा मोडून घेते. यात नशिबाचा भाग थोडा; हाड किती ठिसूळ झालंय आणि तोल किती सांभाळता येतो, यावर सगळं ठरतं.

पाळी गेली की बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं वेगाने झिजतात. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली किंवा गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, तर ही झीज आणखी लवकर सुरू होते. बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यातल्या ज्यांचे बीजकोशही गेले, त्यांच्या हाडांकडे आत्तापासूनच बघायला हवं.

पन्नाशीनंतर किरकोळ पडून मनगट मोडलेलं असेल तर ती पुढची सूचनाच समजा. आई-वडिलांचा खुबा मोडलेला असणं, अंगानं फार बारीक असणं, विडी, दारू यांनीही धोका वाढतो. मिशरी म्हणजे तंबाखूच, ती दात घासायला म्हणून माफ नाही. दमा, संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइड घेणाऱ्यांनी, मग तो गडी का असेना, डॉक्टरांना विचारून डेक्सा तपासणी करावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की हाडं ठिसूळ झाली. पाठीला पोक येणं, उंची कमी होणं हे बऱ्याचदा मणका दबल्याचं लक्षण असतं. लोक ते वयावर ढकलतात.

पडण्याची कारणं वेगळी. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, बीपीच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, झिजलेली चप्पल, रात्री लघवीला अंधारात जाणं. बाथरूमला पकडायला दांडी अन् रात्रभर एक छोटा दिवा, एवढा खर्च परवडतो.

पडल्यावर उठता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल अन् बाहेर वळला असेल, तर खुबा मोडल्याची शंका घ्यावी. चोळू नये, हाडवैद्याकडे वेळ घालवू नये, पाय न हलवता थेट दवाखान्यात न्यावं. १०८ ला फोन करावा. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं.